खुर्ची बाहेर जाता कामा नये

मंगळवार, ४ तारीख

मोठ्या साहेबांनी आज धोंड गळ्यात बांधली. विमानतळावरच्या चाकाच्या खुर्च्या सगळ्या बदलायच्या आहेत आणि कुठल्या घ्यायच्या ते मी ठरवायचं आहे. ज्यांना चालवत नाही त्यांना दारापासून विमानापर्यंत न्यायचं हे आमच्या मदत विभागाचं काम, आणि विभागाचा प्रमुख मी. मुदत महिनाअखेरची. साहेबांची अट सरळ आहे: खुर्ची वर्षानुवर्षं टिकली पाहिजे आणि इमारतीबाहेर जाता कामा नये.

आत्ताच्या खुर्च्या घडीच्या आहेत, तिथेच सगळी गोम आहे. घडी घातली की खुर्ची कुठल्याही गाडीच्या डिकीत मावते. लेक-जावई आजोबांना गाडीपर्यंत नेतात, आजोबा पुढे बसतात, खुर्ची मागे बसते, आणि टाटा. पाय ठेवायच्या पट्ट्या सुट्या निघतात, त्या तर अशा नाहीशा होतात की जणू त्यांनाच पाय फुटले. गेल्या वर्षभरात एक तृतीयांश खुर्च्या गेल्या. यंदाही हेच झालं तर काम कंत्राटदाराला देणार असं साहेब म्हणाले. म्हणजे मी घरी. बायको म्हणते, नोकरी गेली तर एक वेळ चालेल, पण तुमच्या दिवसभर येरझाऱ्या घरात नकोत, फरशी झिजेल.

घरी येऊन ठमीला सांगितलं. ठमी माझी धाकटी बहीण. अडतीस वर्षांची घोडी झाली तरी घरात ठमीच. पाठीच्या कण्याचं दुखणं झालं आणि सातव्या वर्षापासून ती खुर्चीत आहे. मागच्या खोलीत ती दात बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, ही कवळ्या करून देते, आणि इतक्या झकास की एकदा घालून बघाव्याशा वाटतात. म्हटलं, तुझ्याइतकी खुर्चीतली जाणकार मला कोण मिळणार, तू मदत कर. ती म्हणाली, करते, पण आधी माझं ऐक. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डेंटल लॅबने तिला मुख्य कारागीर म्हणून बोलावलं आहे. लॅबच्या खालीच राहायला खोली आहे, सगळीकडे उतार आहेत, वगैरे वगैरे. मी म्हटलं, बघू. तिथे एकटीला ताप आला तर पाणी कोण देणार? विषय मिटला.

गुरुवार, ६ तारीख

आज चोरी केली. कामाचा भाग म्हणून. खुर्ची बाहेर कशी जाते ते कळल्याशिवाय तिला अडवायचं कसं?

मुकादमबाईंना सोबत घेतलं. खुर्च्या ढकलणाऱ्या सगळ्या मंडळींच्या त्या प्रमुख, आणि त्यांनी हाक मारली तर धावपट्टीवरचं विमानही थबकेल. आधी मी खुर्चीची घडी काखेत मारून एकटाच निघालो. दुसऱ्या दारावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. मला ओळखल्यावर हसला, पण अडवलं. मग बाई खुर्चीत बसल्या, शाल पांघरली आणि कण्हायला लागल्या. त्याच पहारेकऱ्याने आमच्यासाठी दार उघडून धरलं. एका मुलीने विचारलं, आजींना बरं नाही का? बाईंना अजून पन्नाशी लागलेली नाही, त्या दिवसभर माझ्यावर फुगून होत्या. पण पाच मिनिटांत खुर्ची माझ्या डिकीत होती.

म्हणजे रिकामी खुर्ची पकडली जाते. माणूस बसलेली खुर्ची कोणी अडवत नाही. शिवाय कितीतरी प्रवासी स्वतःच चाकं फिरवत टॅक्सीपर्यंत जातात आणि खुर्ची रस्त्यावर सोडून देतात. मग ती ज्याच्या हाती लागेल त्याची. यावरून माझं मत बनलं आहे: खुर्ची फक्त आमच्या माणसाचं ऐकणारी हवी. बसणाऱ्याचं नाही.

घरी तरी दुसरं काय केलंय मी? मागच्या वर्षी शेजारी चोरी झाली तेव्हा बाहेरच्या जाळीच्या दाराला वर, माझ्या डोक्याच्याही वर, कडी बसवून घेतली. खाली कडी असली की जाळीतून हात घालून कोणीही काढेल. सकाळी आम्ही दोघं कामावर निघालो की मी टाचा उंचावून बाहेरूनच ती सरकवतो आणि निश्चिंत होतो. ठमीचा हात तिथवर पोचत नाही हे खरं, पण बायको शाळेतून दुपारी येतेच. तोवर ठमीला जायचंय कुठे?

शनिवार, ८ तारीख

खुर्च्यांच्या कंपनीचा माणूस आला होता. मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं आहे. केस, बूट आणि बोलणं, तिन्हींवरून माशी घसरेल. पण माल चांगला आणला होता, हे कबूल करावं लागेल.

पहिली खुर्ची बघताक्षणीच मनात भरली. सगळा सांगाडा एकसंध लोखंडी नळीचा, घडी नाही, एकही भाग सुटा निघत नाही. पायाखालची पट्टी सांध्यावर वळते पण निघत नाही. मागे माणसाच्या उंचीचा दांडा, त्यामुळे ती डिकीत काय, टेम्पोतही सरळ शिरणार नाही. रंग असा भडक पिवळा की कोणाच्या घरी लपणार नाही. एकात एक सरकवून रांग लावता येते. आणि खरी गंमत ब्रेकची. ढकलायच्या मुठीखाली एक पट्टी आहे. ती दाबून धरली तरच चाकं फिरतात. हात सोडला की खुर्ची जागच्या जागी गच्च. चाकं लहान, भरीव. मोठ्या चाकाला बाहेरून हाताने फिरवायचं कडं असतं ना, ते या खुर्चीला नाहीच.

दुसरी खुर्ची हिचीच बहीण. तोच सांगाडा, तोच दांडा, पण मागची चाकं मोठी, त्यांना कडं, आणि ब्रेक बसणाऱ्याच्याही हाताशी. मी तिच्यावर फुली मारली. जे हाताने फिरतं ते हातोहात जातं.

संध्याकाळी ठमीला दोन्हींचे फोटो दाखवले. तिने पहिलीचा फोटो मोठा करून करून बघितला आणि विचारलं, बसणाऱ्याने हात कुठे ठेवायचे? म्हटलं, मांडीवर. आराम करायचा, आमचा माणूस आहे ढकलायला. ती म्हणाली, आणि तुमचा माणूस चहाला गेला तर? म्हटलं, येईल की परत. ती दुसऱ्या खुर्चीच्या बाजूने बरंच बोलली. तिला तिच्या सवयीचं ते बरं वाटणारच. तिला हे कुठे ठाऊक आहे की प्रत्येक हरवलेल्या खुर्चीमागे साहेब माझ्या नावाने खडे फोडतात.

मंगळवार, ११ तारीख

हातापायांना स्वस्थता नाही. कामावर असलो की घरचं आठवतं, घरी आलो की खुर्च्या दिसतात. आज सकाळी जाळीची कडी घातली की नाही ते बघायला बसस्टॉपवरून परत आलो. घातलेली होती. उगाच बस चुकली.

मागच्या खोलीत डोकावलो तर फळ्या बऱ्याच मोकळ्या दिसल्या. एरवी तिथे दातांच्या रांगा हसत बसलेल्या असतात, आज तीन-चार कवळ्याच होत्या. ठमी म्हणाली, हातातली कामं संपवते आहे, नवी घेत नाही. पॉलिशचं यंत्रही जागेवर नव्हतं, ते तिने एका ओळखीच्या मुलीला दिलं. चांगलं केलं, जुनंच झालं होतं. तिला नवं घेऊन देईन म्हणतो. कामाचा व्याप जरा कमी करतेय तेही बरंच झालं, डोळ्यांना किती ताण पडतो त्या कामाने.

दाराच्या मागे एक काठी सापडली. लांब, आणि टोकाला कवळीत वापरतात तसली जाड तार वळवून पक्का आकडा केलेला. मोठं सुबक काम. कपडे वाळत घालायला केली असणार. जाता-येता पायात येईल म्हणून मी ती माळ्यावर टाकली. संध्याकाळी बायकोने ती खाली काढून पुन्हा दारामागे ठेवली आणि माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलली नाही. काठीवरून माणसं रुसतात हे मला नवीनच.

ठमीने लॅबचा विषय पुन्हा काढला. त्यांना उत्तर द्यायचं आहे म्हणे. मी म्हटलं, बघू गं, हे खुर्च्यांचं एकदा मार्गी लागू दे. आणि तिला दांड्याच्या उंचीचं सांगत बसलो. ती ऐकत होती. ऐकते ती चांगलं.

शुक्रवार, १४ तारीख

चाचणी पुढच्या गुरुवारी. पिवळ्या दहा खुर्च्या गुळगुळीत आणून देणार. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक प्रवासी म्हणून बसवायचे, दारापासून थेट विमानाच्या फाटकापर्यंत न्यायचे, आणि वाटेत कुठे काय अडतं ते बघायचं. मुकादमबाई सगळ्यांना नकली पास देणार आहेत. सुरक्षावाल्यांची परवानगीही काढली. मी सगळ्यांना बजावलं आहे की सामान खरंखुरं भरून आणा. रिकाम्या पिशव्या घेऊन आलात तर चाचणी कसली, नुसता भातुकलीचा खेळ होईल.

ठमीलाही विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणेल, कारण तिला पिवळी आवडत नाही. पण ती म्हणाली, "गुरुवारी मी तिकडे येणारच आहे."

मला इतका आनंद झाला की तिचा गालगुच्चाच घेतला. शेवटी बहीण कोणाची. म्हटलं, मोठी बॅग भरून आण, वजनदार. ती म्हणाली, भरतेच आहे. बायको भाजी चिरत होती, तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू माझं डोकं ठिकाणावर नाही. हल्ली तिचं बघणं फार वाढलं आहे.

बुधवार, १९ तारीख

उद्या चाचणी. गुळगुळीतने खुर्च्या उतरवल्या. दोन खुर्च्यांच्या ब्रेकच्या पट्ट्या फार कडक आहेत, दाबून दाबून मुकादमबाईंचा अंगठा सुजला.

दुपारी बायकोने फोन करून सांगितलं, आज लवकर या आणि ठमीशी नीट बसून बोला. आलो. बसलोही. ठमी समोर होती, खोली झाडूनपुसून चकचकीत. ती म्हणाली, दादा, मी लॅबला हो कळवलंय. मी म्हटलं, कळव की, त्यात काय, पुढचं बघू आपण. ती म्हणाली, पुढचं काही बघायचं राहिलेलं नाही. एवढ्यात मुकादमबाईंचा फोन आला की तिसऱ्या खुर्चीचाही ब्रेक सुटेना. मी गुळगुळीतला फोन लावत गच्चीत गेलो, आणि तो भेटेपर्यंत तिथेच चकरा मारत राहिलो. परत आलो तेव्हा ठमी दिवा मालवून पडली होती. उद्या बोलू म्हटलं. अंधारातूनच म्हणाली, हो, उद्या बोलूच.

गुरुवार, २० तारीख

जसं झालं तसं लिहितो. नाहीतर मी नंतर त्यात माझ्या सोयीचं काहीतरी घालीन.

ठमी आणि बायको टॅक्सीने आल्या. मी दारातच उभा होतो. ठमीची मोठी बॅग उचलून बघितली, दगडासारखी जड. मी सगळ्यांदेखत म्हणालो, बघा, सामान असं भरायचं असतं. बाकीच्यांनी नुसत्या उशा कोंबून आणल्या होत्या. बायकोचे डोळे लाल होते. टॅक्सीची काच उघडी असेल, वाऱ्याने झालं असेल असं मला वाटलं. ती ठमीला मिठी मारून बराच वेळ उभी राहिली आणि मी घड्याळ बघत होतो.

ठमी तिच्या खुर्चीतून पिवळ्या खुर्चीत सरकली. काउंटरवरच्या मुलीने ठमीच्या स्वतःच्या खुर्चीला सामानाची चिठ्ठी बांधली आणि ती बॅगेबरोबर आत पाठवली. मुकादमबाईंनी चाचणी किती बारकाईने आखली आहे म्हणून मी त्यांची पाठ थोपटायला गेलो, तर त्या दुसरीकडेच बघायला लागल्या. ठमीच्या हातातला पास अगदी खऱ्यासारखा छापलेला होता. त्याचंही मी कौतुक केलं.

ठमीला मी स्वतः ढकललं. बाकी सगळे कंटाळून मोठ्या दालनातूनच मागे फिरले, मी म्हटलं आपण शेवटपर्यंत जाऊ. वाटेत मी तिला एकेक गोष्ट दाखवत होतो. हे बघ, वळणावर दांडा आड येत नाही. हे बघ, उतारावर हात सोडला तरी खुर्ची घसरत नाही. मी हात सोडून दाखवलाही. ती एकदाच म्हणाली, "दादा, जरा थांबशील का, मला तुझ्याशी बोलायचंय." मी म्हटलं, फाटकाशी पोचलो की बोलू, वेळ मोजायची आहे.

फाटकाशी रांग लागली होती. आम्हाला पुढे घेतलं. तिथल्या माणसाने ठमीचा पास यंत्राखाली धरला. हिरवा दिवा लागला. नकली पासाला यंत्र हिरवा दिवा कसा देईल, हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा आम्ही दाराच्या आत, विमानाकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी होतो.

माझा हात पट्टीवरून सुटला. खुर्ची गच्च झाली. वाटेच्या बरोबर मधोमध.

मी विचारलं, हे काय आहे? खरं तर मला कळलं होतं. मोकळ्या फळ्या, पॉलिशचं यंत्र, बायकोचे डोळे, सगळं एकदमच कळलं. ठमी शांतपणे म्हणाली, "तीन वेळा सांगितलं तुला. तू तिन्ही वेळा बघू म्हणालास. कालही म्हणालास."

मी म्हटलं, असं जायचं नसतं. आपण घरी जाऊन बोलू, तुझं सामान मी उतरवून घेतो, मला इथे सगळे ओळखतात. मी हे मोठ्याने बोलत होतो आणि मागे लोक खोळंबले होते. मी हात खिशात घातले. ते मी का केलं ते आता लिहितो: खुर्ची तशीच राहावी म्हणून. मला एवढंच करायचं होतं. काहीही न करणं.

तेव्हा ठमीचे हात खाली गेले. दोन्ही बाजूंना, चाकांकडे. एकतीस वर्षांची सवय, निघायचं म्हटलं की हात तिकडेच जातात. पण तिथे कडं नव्हतं. बोटं हवेतच मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा खाली गेली. मग तिने ते हात उचलून मांडीवर ठेवले. आराम करायचा म्हणून मीच सांगितलं होतं ना, तसे.

लहानपणी तिची पहिली खुर्ची आली तेव्हा अंगणात तिने मला मागे ढकलून दिलं होतं आणि एकटीच भिंतीवर जाऊन आदळली होती. कपाळाला टेंगूळ, आणि हसत होती. ती मुलगी मला आज दिसली आणि मी खिशात हात घालून उभा होतो.

ती मान वळवून म्हणाली, "ही खुर्ची तूच निवडलीस ना? मग ढकल आता. मला यातून एकटीला जाता येत नाही."

मी पट्टी दाबली. उतारावरून तिला खाली नेलं. एवढंसं ते अंतर, पण मला दोनदा थांबावं लागलं, डोळ्यांपुढचं दिसेना. तिने घाई केली नाही. विमानाच्या दाराशी त्यांची माणसं आतली अरुंद खुर्ची घेऊन उभी होती. ठमीने माझा हात धरला आणि म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या मास्तरांची कवळी फळीवर आहे, डबीत. उद्या सकाळी नक्की दे, त्यांना चार दिवस नुसत्या पेजेवर काढावे लागलेत. आणि खालची जरा घट्ट बसेल, त्यांना सांग, दोन दिवसांत सवय होते.

मग ती आत गेली. मी रिकामी खुर्ची घेऊन वर आलो. रांगेतले सगळे लोक बाजूला सरून मला वाट देत होते.

शुक्रवार, २१ तारीख

मास्तरांना कवळी दिली. घट्ट बसते म्हणाले. मी सांगितलं, सवय होते.

बायकोला विचारलं, तू मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तिने स्वतः सांगितलेलं जे तुम्हाला ऐकू आलं नाही, ते माझ्या तोंडून आलं असतं? मुकादमबाईंनाही ठाऊक होतं, विमान कंपनीकडून मदतीच्या विनंत्या त्यांच्याकडेच येतात. ठमीने त्यांना गळ घातली होती की दादाला मीच सांगेन.

आज सकाळी कामावर निघताना जाळीच्या दाराची वरची कडी सरकवली. सवयीने. मग लक्षात आलं की आत कोणीच नाही. उभाच राहिलो तिथे, जिन्यात. दारामागची आकड्याची काठी जाळीतून दिसत होती. आत हात घालून ती घेतली, आणि खाली बसलो, ठमी बसते तेवढ्या उंचीवर. तिथून आकडा वर नेऊन कडीत अडकवला आणि ओढला. पहिल्या फटक्यात कडी सरकली.

म्हणजे ती रोज जात होती. वर्षभर. मी सकाळी कडी घालायचो, ती काढून लिफ्टने खाली, बाहेर जायची, आणि मी येण्याआधी परत येऊन ती कडी पुन्हा घालून ठेवायची, मला बरं वाटावं म्हणून. मला राग यायला हवा होता. मी पायरीवर बसून रडलो, आणि मास्तर नवे दात घालून जिना चढत होते, त्यांनी ते बघितलं.

बुधवार, २६ तारीख

साहेबांपुढे शिफारस ठेवली. दुसरी खुर्ची. सांगाडा एकसंध, दांडा उंच, रंग पिवळा, हे सगळं तसंच. पण चाकं मोठी, त्यांना कडं, आणि ब्रेक बसणाऱ्याच्याही हाताशी.

साहेब म्हणाले, तुम्हीच तर हिच्यावर फुली मारली होती. म्हटलं, चुकलं होतं. ते म्हणाले, बसलेला माणूस हिला घेऊन बाहेर जाईल त्याचं काय? मी म्हटलं, दांड्यामुळे गाडीत शिरणार नाही. टॅक्सीपर्यंत जाईल, तिथून आमची माणसं आणतील, त्यासाठी दोघांची पाळी लावतो. तरी काही जातील. साहेब म्हणाले, जातील? म्हटलं, थोड्या जातील, साहेब. ज्या खुर्चीतून माणसालाच जाता येत नाही ती मला घ्यायची नाही.

एवढं धीट मी साहेबांशी कधी बोललो नव्हतो. साहेबांनी सही केली, पण म्हणाले की सहा महिन्यांनी हिशेब मागीन.

सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत होतं, पण हात जात नव्हता. नव्या खुर्च्या येऊन आठवडा झाला.

आज पहिली खुर्ची हरवली. दुपारी मोजल्या तर एक कमी. साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मुकादमबाई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, टॅक्सीची रांग, गाड्यांचा तळ, सगळं पालथं घातलं. पहारेकरी शपथेवर सांगत होते की पिवळं काही बाहेर गेलं नाही.

खुर्ची वरच्या मजल्यावर सापडली. दालनाच्या अगदी टोकाला, दुकानांच्याही पलीकडे, मोठ्या काचेशी. तिच्यात एक आजी बसल्या होत्या, ब्रेक लावून, आणि विमानं बघत होत्या. आमच्या माणसाने त्यांना फाटकाशी बसवलं होतं. त्यांचं विमान उशिरा होतं, मुलगा फोनवर होता, आणि आजी हाताने चाकं फिरवत एवढ्या लांब आल्या होत्या. मी धापा टाकत विचारलं, तुम्हाला इथे कोणी आणलं? आजी म्हणाल्या, कोणी नाही, मीच आले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, हरवले नाहीये हो मी, बसलेय जरा.

मी मुकादमबाईंना फोन करून सांगितलं की खुर्ची मिळाली. आजींना विचारून त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलो. एक विमान उडेपर्यंत, मग दुसरं. मला एका जागी इतका वेळ बसलेलं बायकोने बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

घरी येऊन जाळीच्या दाराची कडी काढली आणि खाली, कमरेच्या उंचीवर बसवली. वरची भोकं पुट्टी भरून बुजवली, तरी डाग दिसतो. ठमी सुट्टीला येणार आहे, तारीख अजून ठरलेली नाही. मग आजींची गोष्ट सांगायला तिला फोन केला. तिने उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. मी खोलीत चकरा मारायला लागलो. ताप असेल का, पडली असेल का, पाणी कोण देणार. बायको माझ्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने ठमीचा निरोप आला. बाहेर आहे, नंतर करते.

मी तो बायकोला वाचून दाखवला. मग पुन्हा एकदा वाचून दाखवला. बाहेर आहे.